ओढणारा कोण, थांबवणारा कोण?

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेल्या सदस्य-व्याख्यानमालेतील भाषण. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



या मालेत याआधी मधुमेहावर बोलून झालं, मृत्युपत्रावर बोलून झालं, गच्चीवरच्या बागेवरही झालं. सचिवसाहेब मला म्हणाले, तुम्ही बँकेवर बोला. पण मी शिकलो ती बँक लेजरमध्ये होती, आताची मोबाइलमध्ये आहे. तिच्यावर माझ्यापेक्षा माझी नात चांगलं बोलेल. म्हणून मी वेगळाच विषय मागून घेतला.

आपल्या सोसायटीतली तीन घरं मिळून एक छोटी कॅरॅव्हॅन घेण्याच्या विचारात आहेत, हे आता सगळ्यांना माहीत आहे. कॅरॅव्हॅन म्हणजे गाडीच्या मागे जोडून न्यायची चाकांवरची खोली. २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारनं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं, तेव्हापासून हा शब्द आपल्या कानावर आहे. टिपेश्वर, माहूर, लोणार, चिखलदरा अशी यादीही तयार झाली. पलंग किती, ओटा कुठे, पडदे कोणत्या रंगाचे, इथपर्यंत पार्किंगमध्ये चर्चा झाली. मी बाकावर बसून ऐकत असतो. खोली ओढणार कोण, हा प्रश्न निघाला तेव्हा मात्र उत्तर आलं, ‘आपली गाडी आहेच की!’ आणि चर्चा पुन्हा पडद्यांवर गेली.

मंडळी, हा प्रश्न इतक्या सहज सुटत नाही. पुढच्या महिन्यात ॲडव्हान्स द्यायचा आहे आणि त्या गाडीत आपली नातवंडं बसणार आहेत. म्हणून आज यावरच बोलतो.

मी इंजिनियर नाही, साधा बी.कॉम. आहे. पण नोकरीची बरीच वर्षं शेतीकर्जाच्या टेबलावर गेली. ट्रॅक्टर आणि ट्रॉलीचे प्रस्ताव तपासणं, कोटेशन पाहणं, शेतावर जाऊन पाहणी करणं हे माझं रोजचं काम. आपल्या जिल्ह्यात मागे काहीतरी जोडून ओढण्याचा अनुभव कमी नाही. कापूस जिनिंगवर जातो तो ट्रॉलीतूनच. फक्त त्या अनुभवाकडे आपण सहलीच्या नजरेनं पाहिलेलं नाही.

आधी बंडीपासून सुरुवात करू. आपल्या आजोबांच्या काळातही चाकांवरची खोली होतीच. मालाची ती बंडी, माणसांची हलकी ती रेंगी, आणि वर आच्छादन घातलेली ती दमणी. बायकामुलं दमणीत बसून वणीला रंगनाथस्वामींच्या जत्रेला जात. ज्याच्याकडे दमणी होती तो तिला कोणतीही जोडी जुंपत नसे. नांगराला जड, दमदार बैल आणि दमणीला चपळ, समजूतदार बैल. आपल्या शेजारच्या वर्धा-नागपूर भागातली गवळाऊ जात अशा हलक्या आणि जलद कामासाठीच नावाजलेली. म्हणजे ओढणारा निवडताना नुसती ताकद पाहायची नाही, काम कोणतं आहे ते पाहायचं, हे आपल्याकडे जुनंच आहे.

आता ताकदीचा हिशेब. बैल आपल्या वजनाच्या साधारण दहावा भाग इतक्या जोरानं दिवसभर ओढू शकतो. चारशे-चारशे किलोची जोडी असेल तर ऐंशी किलोचा ओढ. चांगल्या सपाट रस्त्यावर टायरच्या बंडीत ही जोडी एक टन माल सहज नेते. तोच माल पावसाळ्यात काळ्या मातीतून काढायचा म्हटलं की तीच जोडी गुडघे टेकते. माल तोच, बैल तेच, फक्त रस्ता बदलला. म्हणून ‘ही गाडी किती ओढते?’ या प्रश्नाला एकटं उत्तर नसतं. कुठे ओढते, हेही विचारावं लागतं.

आपली शकुंतला आठवा. मूर्तिजापूर ते यवतमाळ, ११३ किलोमीटरची नॅरो गेज. तिचं वाफेचं इंजिन १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलं, १९२३ मध्ये या मार्गावर लागलं आणि १९९४ पर्यंत चाललं. सत्तर वर्षं! ते काही बलाढ्य इंजिन नव्हतं. पण त्या अरुंद रुळांना, त्या वजनाला आणि त्या संथ चालीला ते योग्य होतं. मोठ्या लाइनीवरचं दांडगं इंजिन तिथे काहीच उपयोगाचं नव्हतं. ओढणारा आणि ओढलं जाणारं, दोघांची जोडी जमावी लागते.

आता ट्रॅक्टरकडे येतो. एकदा दारव्ह्याकडच्या एका प्रस्तावाच्या पाहणीला मी गेलो होतो. मुलाला जास्त हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर हवा होता, मोठी ट्रॉली ओढायची म्हणून. हॉर्सपॉवरचे आकडे त्याला तोंडपाठ होते. म्हातारे वडील धुऱ्यावर बसून ऐकत होते. शेवटी ते म्हणाले, “साहेब, वढाचं काय, कोनतंबी वढते. उतारावर धरते कोनतं, थे पाहा.” नोकरीत मी बरीच प्रशिक्षणं केली, पण वाहनाच्या निवडीवर याहून नेमकं वाक्य ऐकलेलं नाही. आजच्या भाषणाचं सार तेवढंच आहे.

त्याचं कारण समजून घ्या. चढावर गाडी कमी पडली तर काय होतं? इंजिन तापतं, क्लचचा वास येतो, गाडी थांबते. त्रास होतो, पण बहुतेक वेळा माणसं सुखरूप असतात. उतारावर मात्र मागचं वजन पुढच्याला ढकलतं. तिथे इंजिनाची ताकद कामाला येत नाही. ब्रेक, पुढच्या गाडीचं स्वतःचं वजन आणि चालवणाऱ्याची अक्कल, एवढंच कामाला येतं.

२०१८ चा उन्हाळा आपण कुणीच विसरलेलो नाही. निळोण्याच्या पाण्यावर भागेना आणि आपल्या फाटकात ट्रॅक्टरचे टँकर येऊ लागले. बादल्या घेऊन रांगेत उभे असताना तुम्ही टँकरवाल्याकडे पाहिलं असेल. पाच हजार लिटर म्हणजे पाच टन पाणी. पुढचा ट्रॅक्टर साधारण दोन टनांचा. मागचं वजन पुढच्याच्या दुपटीहून जास्त! तरी तो ओढतो, कारण त्याचे गिअर त्यासाठीच बनलेले, मागची चाकं मोठी आणि चाल सावकाश. आपल्या गल्लीच्या उतारावर तो अनुभवी पोरगा पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच यायचा, आणि त्याचे दोन्ही ब्रेक एकमेकांना अडकवलेले असायचे. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात, शेतात झटकन वळायला. रस्त्यावर ते जोडून ठेवले नाहीत आणि एकच दाबला गेला, तर ट्रॅक्टर गर्रकन फिरतो. आपली मोटार ताशी साठ-सत्तरनं जाणार आणि तिच्यामागे खोली असणार. टँकरवाल्याची सावकाश चाल तिच्याकडे नाही. म्हणून तिला वजनाचा हिशेब जास्त कडक लावला पाहिजे.

तो हिशेब आता मांडू. वही काढा म्हणत नाही, पण आकडे लक्षात ठेवा.

पहिला आकडा, भरलेल्या खोलीचं वजन. विक्रेता सांगतो ते रिकाम्या खोलीचं. समजा ते ५५० किलो आहे. त्यात साठ लिटर पाणी भरलं, झाले साठ किलो. घरगुती सिलिंडर घेतला तर १४.२ किलो गॅस आणि जवळपास तितकंच लोखंड, म्हणजे तीस किलो. बॅटरी पंचवीस. गाद्या, पांघरुणं, भांडी, किराणा, शेगडी, खुर्च्या, आणि वहिनींनी ‘असू द्या, लागतंच’ म्हणून घेतलेलं सामान मिळून पंच्याऐंशी. बेरीज ७५०. म्हणजे ५५० ची खोली रस्त्यावर ७५० ची असते. खात्री करायची तर खोली भरून एखाद्या जिनिंगच्या काट्यावर न्या. कापसाच्या गाड्या मोजतात तिथे आपलीही मोजून मिळेल.

दुसरा आकडा, ओढणाऱ्या गाडीचं रिकामं वजन. त्यासाठी कुठे जायला नको. आरसीवर ते लिहिलेलं असतं. छोटी मोटार साधारण नऊशे ते हजार किलोची, मोठी सात आसनी डिझेल गाडी सोळाशे ते एकोणीसशेची. आता दोन्ही आकडे शेजारी ठेवा. ब्रिटनमध्ये अशा खोल्या ओढण्याची जुनी रीत आहे. तिथे स्वतःचा ब्रेक नसलेला ट्रेलर भरून ७५० किलोपेक्षा जड चालत नाही आणि तो गाडीच्या वजनाच्या निम्म्यापेक्षा जास्तही चालत नाही. म्हणजे आपल्या ७५० किलोच्या खोलीला ब्रेक नसेल, तर पुढे किमान दीड टनाची गाडी पाहिजे. खोलीला स्वतःचा ब्रेक असेल, तर नवशिक्याला तिथे सल्ला देतात की भरलेली खोली गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवा.

आता कुणी पटकन म्हणेल, ‘काका, मग ब्रेकची खोली घेतली तर आमची नऊशे किलोची छोटी गाडीही बसते की!’ कागदावर बसते. पण ८५ टक्के ही वरची मर्यादा आहे, आणि तिच्याही वर आणखी एक मर्यादा आहे. तो तिसरा आकडा.

तिसरा आकडा, गाडी बनवणाऱ्या कंपनीनं ओढण्यासाठी दिलेला. गाडीच्या पुस्तिकेत तो शोधा. काही पुस्तिकांत ‘या गाडीला ट्रेलर जोडू नये’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं. तसं असेल तर विषय संपला, मग वजनाचा हिशेब कितीही जुळो. आकडाच सापडत नसेल तर कंपनीला लिहून विचारा आणि उत्तर लेखी घ्या. शोरूममधला मुलगा ‘काही होत नाही सर’ म्हणेल. बँकेत आम्ही तोंडी आश्वासनावर कधी कर्ज दिलं नाही. तुम्ही त्यावर जीव देऊ नका.

आता समतोल. बंडी भरताना मागे जास्त माल पडला तर काय होतं, हे जुन्या मंडळींना माहीत आहे. बंडी उलाळ होते, जू वर उचललं जातं. पुढे जास्त भरली तर बैलांच्या मानेवर भार येतो. चांगला गडी माल असा रचायचा की जुवावर थोडासा भार राहील. मोटारीच्या मागच्या खोलीचं गणित हुबेहूब हेच. जोडाच्या गोळ्यावर भरलेल्या वजनाच्या पाच ते सात टक्के भार हवा. ७५० किलोला साधारण चाळीस ते पन्नास किलो. घरातल्या वजनकाट्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून त्यावर जोडाचं तोंड टेकवलं की हा भार मोजता येतो. जड सामान खाली आणि आखाजवळ ठेवा. उलाळ बंडीत बैल गुदमरतात, पण चाल सावकाश असते. उलाळ खोली मात्र वेगात शेपटीसारखी डुलायला लागते आणि पुढच्या गाडीलाच फिरवते. नागपूर-हैदराबाद महामार्गावर बाजूनं भरधाव ट्रक गेला की त्याचा वारा एवढं करायला पुरे असतो. अशा वेळी जोरात ब्रेक मारायचा नाही, स्टेअरिंग झटकायचं नाही. ॲक्सिलरेटर सोडायचा, हात सरळ ठेवायचे, वेग आपोआप उतरू द्यायचा.

आणि तो पन्नास किलोचा भार गाडीच्या खात्यात धरा. पाच माणसं, डिकीतलं सामान, वर हा भार. गाडी स्वतःच आधी ओव्हरलोड होत नाही ना, ते बघा. हा भार गाडीच्या अगदी मागच्या टोकाला पडतो, त्यामुळे तिचं नाक किंचित वर उचललं जातं. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीची पकड तिथे कमी होते, ओल्या चढावर चाकं घसरतात. मागच्या चाकांना किंवा चारही चाकांना जोर देणारी गाडी या कामाला बरी. दोन चाकांमधलं अंतर लांब आणि मागचा लोंबता भाग आखूड, अशी गाडी खोलीला नीट धरून ठेवते.

आता चिखलदऱ्याचा घाट. दर पंधरा मीटरला एक मीटर चढ असेल, तर आपली ७५० किलोची खोली एकटीच पन्नास किलोच्या जोरानं मागे खेचते. हाच पन्नास किलो उतारावर पुढे ढकलतो. ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, इंजिनाला गाडी धरू द्या. सतत ब्रेकवर पाय ठेवला तर ब्रेक तापतात आणि नेमके हवे तेव्हा धरत नाहीत. वेगाचं गणित तर फारच निर्दय. चाळीसऐवजी साठनं गेलात तर थांबवायची ऊर्जा सव्वादोन पट, आणि ऐंशीनं गेलात तर चौपट. खोलीचा स्वतःचा ब्रेक असा बसवतात, की गाडी हळू झाली की खोली पुढे दाबते आणि त्या दाबानंच तिचा ब्रेक लागतो. हा खर्च वाचवू नका. माझं मत विचाराल तर आपल्या घाटांसाठी ब्रेक नसलेली खोली घेऊच नये.

दिव्यांचं विसरू नका. कापसाच्या हंगामात रात्री बिनदिव्याची ट्रॉली अचानक समोर येते, तेव्हा आपण सगळेच चार शब्द बोलतो. आपली खोली दुसऱ्यासाठी तशी ट्रॉली होऊ नये. ब्रेकचे दिवे, इंडिकेटर, रिफ्लेक्टर, नंबरप्लेट आणि जोड निसटला तर धरून ठेवणारी साखळी, हे सगळं निघण्याआधी रोज पाहायचं.

थोडं कागदपत्रांबद्दल. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे. त्याची वेगळी नोंदणी लागते. विमा कंपनीला आपण ट्रेलर ओढतो हे कळवलेलं असलं पाहिजे, नाहीतर क्लेमच्या वेळी तेच पहिलं विचारतील. कुठल्याही वेल्डिंगवाल्याकडून हूक मारून घेऊ नका. त्याच कायद्याचं ५२ वं कलम गाडीत मनमानी बदल करायला मनाई करतं. गाडी कर्जावर असेल तर बँकेलाही विचारा, कारण आरसीवर तिचं नाव आहे.

आता माझ्या जुन्या टेबलावरचा मुद्दा. ट्रॉलीसाठी आलेला माणूस पुष्कळदा ट्रॉलीचीच किंमत मांडून आणायचा. आम्ही विचारायचो, ओढणार कशानं? मग खरा प्रकल्प समोर यायचा. तुम्हीही एकाच कागदावर खोली, जोड, ब्रेक, नोंदणी, विमा, ठेवायची जागा आणि ओढणारी गाडी, सगळं मांडा. खोली आधी घेतली आणि ती ओढायला पुढे मोठी गाडी घ्यावी लागली, तर हप्ता सहलीचा नसतो, दहा वर्षांच्या हौसेचा असतो. वर्षातून दोन सहली होणार असतील तर स्वतःच्या इंजिनवर चालणारी तयार कॅरॅव्हॅन भाड्यानं घेणं कदाचित शहाणपणाचं ठरेल. तिथे जोडच नाही, त्यामुळे जोडाची काळजीही नाही.

तिन्ही घरांच्या गाड्या मी रोज पाहतो. दोन छोट्या पेट्रोलच्या आहेत, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या. त्या या कामाच्या नाहीत. त्यात त्यांचा काही कमीपणा नाही, त्या त्यासाठी बनलेल्याच नाहीत. तिसरी सात आसनी डिझेल आहे. वजनात ती बसते. म्हणून माझी सूचना अशी, की आधी त्या गाडीसाठी कंपनीचं लेखी उत्तर मागवा. होकार आला तर खोली फक्त तिच्याच मागे जाईल आणि बाकीची दोन घरं आपापल्या गाडीतून सोबत जातील, हे आधीच ठरवा. एकानं किंवा दोघांनीच चालवायचं. रविवारी सकाळी मोकळ्या मैदानात रिव्हर्सचा सराव करा. खोली डावीकडे न्यायची तर सुरुवातीला स्टेअरिंग उजवीकडे फिरवावं लागतं, हे हाताला कळायला वेळ लागतो. पहिली सहल माहूरगड किंवा चिखलदरा नको, टिपेश्वर करा. आणि लेखी होकार आला नाही, तर ॲडव्हान्स देऊ नका. शेजारी म्हणून एवढं हक्कानं सांगतो.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे बैलांचे खांदे शेकतात, तूप-हळद लावतात. वर्षभर ज्यानं ओढलं त्याचा खांदा कुठे दुखतो, हे शेतकऱ्याला ठाऊक असतं. मोटार बोलत नाही, पण तिलाही खांदा आहे. तिचे ब्रेक, क्लच, टायर आणि जोड म्हणजे तो खांदा. निवडताना तो पाहा, निवडल्यावर तो सांभाळा.

पंचवीस वर्षं आपण एकमेकांच्या अडीअडचणीला धावून आलो. पुढच्या पंचवीस वर्षांत आपली मुलं-नातवंडं भरपूर फिरोत आणि प्रत्येक वेळी आपल्या फाटकातून हसत आत येवोत, एवढीच इच्छा. कुणाला आरसी दाखवायची असेल तर मी संध्याकाळी बाकावर असतो.